एक तास पंचवीस मिनिटं

“किती वेळ लागतो म्हणालात?” न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहत विचारलं.

“एक तास पंचवीस मिनिटं, सर.” कंपनीच्या बोधनकर वकिलांनी अर्ज पुढे केला आणि त्यातलं वाचूनही दाखवलं. नागपूर विमानतळ ते मुंबई विमानतळ हवाई अंतर अंदाजे सातशे किलोमीटर. विमानप्रवासाचा वेळ एक तास पंचवीस मिनिटे. सबब अर्जदारास मुंबई येथे वैद्यकीय मंडळापुढे हजर राहण्यास कोणतीही अडचण दिसून येत नाही. अर्जदार व सोबतची एक व्यक्ती यांच्या तिकिटांचा खर्च कंपनी माणुसकीच्या भावनेतून करील.

अर्जदार म्हणजे माझे बाबा, सोविंदा गायधने. ते कोर्टाच्या मागच्या बाकावर दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसले होते, कारण तसं बसलं की श्वास जरा सोपा जायचा. आमचे तागडे वकील उठले. म्हणाले, हा माणूस फाटकापासून इथपर्यंत येताना दोनदा खाली बसला आहे, त्यापेक्षा डॉक्टरांनाच इकडे बोलवावं. बोधनकर हसले. मुंबईचे तीन मोठे डॉक्टर तुमसरला येणार का, असं त्यांनी विचारलं, आणि कोर्टातले दोन-चार जणही हसले. न्यायाधीश म्हणाले, तिकीट मिळतंय, विमान आहे, दीड तासाचासुद्धा प्रवास नाही, आणखी काय हवं. अर्ज मंजूर झाला.

ही दोन हजार आठ सालच्या जानेवारीतली गोष्ट. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, गावाजवळच्या आश्रमशाळेत शिकवत होते.

बाबांनी चौदा वर्षं गारगोटी दळायच्या कारखान्यात काम केलं होतं. जंगलातून आलेला पांढरा दगड तिथे फोडायचे, चक्कीत टाकायचे आणि मैद्याहून बारीक भुकटी करून पोत्यांत भरायचे. ती कप-बशा आणि फरशा करायला परराज्यात जायची. चक्कीपाशी उभं राहिलं तर शेजारचा माणूस दिसायचा नाही. बाबा घरी यायचे तेव्हा पापण्यासुद्धा पांढऱ्या असायच्या. तोंडावर बांधायला घरचा टॉवेल. कंपनीने कधी काही दिलं नाही. दहाव्या-बाराव्या वर्षापासून एकेक माणूस खोकू लागला, वाळू लागला. कंपनीचा डॉक्टर छातीला नळी लावायचा, टीबी आहे म्हणायचा, आणि कार्ड हातात देऊन कामावरून कमी करायचा. असे एकतीस जण झाले. आम्ही कोर्टात गेलो तोवर त्यातले बारा गेले होते.

ग्रामीण रुग्णालयातल्या डॉ. नान्हेंनी पहिल्यांदा म्हटलं, की मला हा नुसता टीबी वाटत नाही, दगडाची भुकटी फुप्फुसात बसली असावी. पण ते साधे एमबीबीएस. त्यांनी ‘शक्यता’ असं लिहिलं, आणि कंपनीने तोच शब्द धरला. कंपनीचं म्हणणं असं, की सोविंदा गायधने याला टीबी झाला होता, तो आमच्या डॉक्टरच्या औषधाने बरा झाला, आता तो धडधाकट आहे, बिडीने खोकतो. बाबांनी जन्मात बिडी ओढली नव्हती. उरलेल्या एकोणीस जणांत त्यांचा भरपाईचा दावा पहिला होता. तो टिकला तर बाकीचे टिकणार, पडला तर सगळे पडणार. हे सगळ्यांना ठाऊक होतं, कंपनीलाही.

मंडळापुढची तारीख मंगळवारची होती, दुपारी तीन वाजता. विमान सकाळी नऊ चाळीसचं. आम्ही पहाटे पाचला अंताराम नेवारेच्या जीपने निघालो. अंताराम बाबांच्या शेजारच्या चक्कीवरचा, त्या एकोणिसांतलाच, पण वयाने लहान, अजून गाडी चालवू शकायचा. त्याने भाडं घेतलं नाही. नागपूरपर्यंत पावणेतीन तास लागले, कारण रस्त्यात चारदा थांबावं लागलं. जीप हादरली की बाबांना उबळ यायची. ते टॉवेल तोंडावर घट्ट दाबून धरायचे आणि खिडकीकडे तोंड करायचे. मी पाठीवर हात ठेवायला गेले तर म्हणायचे, “राहू दे, तिकडंच बस.”

त्यांनी धुतलेलं धोतर आणि माझ्या भावाच्या लग्नातला सदरा घातला होता. मौदा ओलांडल्यावर त्यांना जरा बरं वाटलं. त्यांनी अंतारामला विचारलं, विमानाची खिडकी उघडते काय. अंताराम म्हणाला, मले काय मालूम, मी काय रोज जातो. दोघंही हसले, आणि त्या हसण्याने दोघांनाही खोकला आला.

विमानतळावर कंपनीचा माणूस उभा होता. नशिने त्याचं नाव, कामगारांच्या हजेऱ्या-रजा पाहणारा. तिकिटं त्याच्याकडेच होती. तुम्ही काही काळजी करू नका, सगळं मी पाहतो, असं तो फार गोड बोलला. अंतारामला आत सोडेनात, म्हणून तो बाहेर राहिला. नशिनेने आत यायचा पास काढलेला होता.

दारापासून काउंटरपर्यंत पन्नास पावलं असतील. त्यात बाबा तीनदा थांबले. तिसऱ्यांदा ते सामान ढकलायच्या गाडीला धरून उभे राहिले, आणि काउंटरमागच्या मुलीने मान वर करून पाहिलं. ती आमच्या पुढच्या माणसाशी बोलत होती, पण तिची नजर बाबांवरून हटेना. आमची पाळी आली तेव्हा तिने तिकीट बघायच्या आधी विचारलं, यांना काय त्रास आहे. मी काही बोलायच्या आत नशिने म्हणाला, “छातीचा आजार आहे मॅडम. फार जुना. श्वासच पुरत नाही त्यांना.”

मी त्याच्याकडे पाहत राहिले. हाच माणूस चार महिन्यांपूर्वी कोर्टात शपथेवर सांगून गेला होता, की सोविंदाला काहीही झालेलं नाही.

मुलीने तिच्या वरच्या साहेबाला बोलावलं. साहेबाने विचारलं, डॉक्टरचा दाखला कुठे आहे. मी म्हटलं, कसला दाखला. तो म्हणाला, आजारी माणसाला विमानात न्यायचं तर प्रवास करायला हरकत नाही असा डॉक्टरचा दाखला आधी द्यावा लागतो, तिकीट काढतानाच सांगतात. मी नशिनेकडे वळले. तो मोबाइलमध्ये बघत होता.

आमच्या गावातून तोवर कोणी विमानात बसलेलं नव्हतं. तागडे वकीलही बसले नव्हते. आम्हाला कोण सांगणार होतं.

आम्हाला एका छोट्या खोलीत नेलं. तिथे एक तरुण डॉक्टर होती, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. पांढऱ्या कोटावर नाव होतं, डॉ. फरहत काझी. तिने बाबांच्या बोटाला चिमटा लावला आणि त्यावरचा आकडा बघितला. बोट पुसून पुन्हा लावला. मग दुसऱ्या हाताचं बोट घेतलं. नंतर तिने पाठीला नळी लावून खूप वेळ ऐकलं, आणि काय काम करत होता, किती वर्षं, धूळ कसली, असं एकेक विचारत गेली. बाबा तुकड्यातुकड्यांनी सांगत गेले. मी पिशवीतून एक्स-रे काढून दिला. तो तिने खिडकीच्या उजेडात धरला.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, “मी यांना जाऊ देऊ शकत नाही.”

मी म्हटलं, फक्त एक तास पंचवीस मिनिटांचा प्रवास आहे.

“वेळेचा प्रश्न नाही,” ती म्हणाली. “वर गेल्यावर विमानातली हवा विरळ होते. आपल्याला ते कळतही नाही. यांचा ऑक्सिजन इथे जमिनीवर बसून चौऱ्याऐंशी आहे, तो पंच्याण्णवच्या वर हवा. वर गेल्यावर काय होईल ते मला सांगता येणार नाही.”

मी तिला सगळं सांगितलं. आज तीन वाजता पोचलो नाही तर दावा जाईल, आमच्या मागे अठरा माणसं आहेत, हवं तर मी लिहून देते, काही झालं तर जबाबदारी माझी. ती नाही म्हणाली. मी आवाज चढवला. ती नाहीच म्हणाली. शेवटी मी म्हटलं, “तुम्हीही त्यांच्यातल्याच.” कोणाच्यातल्या, ते तिला कसं कळणार. पण ते तिला लागलं. तिने मान खाली घातली आणि नळी गुंडाळत राहिली.

मी रागाने खोलीबाहेर आले. नशिने खिडकीपाशी पाठमोरा उभा राहून फोनवर बोलत होता. माझी चाहूल त्याला लागली नाही.

“हो सर. नाही चढवत. तुम्ही म्हणाला होता तसंच झालं,” तो म्हणत होता. “हो, हो. तिथं गैरहजेरी तेवढी तुम्ही लिहून घ्या.”

इतक्या वर्षांत मी खूप खोटं ऐकलं. पुढे मी जे काम धरलं, ते तसंच आहे. पण ती दोन वाक्यं ऐकताना माझ्या तळपायापासून जे चढत गेलं, तसं पुन्हा कधी झालं नाही. म्हणजे तिकीट देताना त्यांना माहीत होतं. दीड तासाचाही प्रवास नाही म्हणून कोर्टात हसले, तेव्हाही माहीत होतं. जो माणूस निरोगी आहे म्हणून ते शपथ घेत होते, त्याला विमान चढवून घेणार नाही याची त्यांना खात्री होती. ती खात्री त्यांनी तिकिटाच्या पैशात विकत घेतली होती, आणि त्याला माणुसकी असं नाव दिलं होतं.

  मी आत जाऊन बाबांना सांगितलं, की आपण घरी जाऊ. फोनवरचं बोलणंही सांगितलं.

बाबांनी ऐकून घेतलं. मग थांबत थांबत म्हणाले, “तू जाय.”

“मी एकटी जाऊन काय करू? तपासायचं तुम्हाला आहे.”

“माहे फोटो घेऊन जाय.” एक्स-रेला ते फोटोच म्हणायचे. “सांग, का बाप आला होता. पहाटचा निंघाला होता. चढू नाही देल्लं. इतकं तरी सांग. नाहीतं ते लिहितीन, का सोविंदा आलाच नाही. आन् मंग ते तसंच राहीन.”

मी डॉक्टरकडे गेले आणि म्हटलं, तुम्ही आम्हाला परत पाठवताय, तर तसं लिहून द्या. विमान कंपनीचा साहेब दारातच होता. तो म्हणाला, एवढं काही नको, ‘प्रवास नाकारला’ अशी एक ओळ लिहा आणि शिक्का मारा. डॉक्टरने त्याच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं, आणि लिहायला बसली. एक ओळ नाही, कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. तिची लिहिण्याची गती बघून माझाच जीव वर-खाली होत होता, कारण बाहेर विमानाची शेवटची सूचना चालू होती. तिने सही केली, वेळ टाकली, शिक्का मारला, आणि पाकीट बंद करून माझ्या हातात दिलं. मी आभारही मानले नाहीत. पाकीट पिशवीत कोंबलं, बाबांना बाहेर नेऊन अंतारामच्या हवाली केलं, आणि पळत आत आले.

विमानात माझ्या शेजारची जागा रिकामी होती. विमान सुटायच्या आधी एका मुलीने पुढे उभं राहून दाखवलं, की हवेचा दाब कमी झाला तर छतातून ऑक्सिजनचे मुखवटे खाली येतील, आधी स्वतःचा लावा, मग शेजाऱ्याला मदत करा. आजूबाजूला कोणी तिच्याकडे बघतही नव्हतं. मी ओठ दाबून रडत होते आणि पलीकडचा माणूस मला म्हणाला, पहिल्यांदा बसताय का, भीती वाटते सुरुवातीला.

नऊ चाळीसला निघून आम्ही अकरा वाजून पाच मिनिटांनी मुंबईला उतरलो. बोधनकरांनी एक मिनिटसुद्धा खोटं सांगितलं नव्हतं. त्याचाच मला जास्त राग आला.

विमानतळावरून रुग्णालयापर्यंत टॅक्सीने पावणेदोन तास लागले, ती कुठली इमारत ते शोधण्यात आणखी दीड तास. तीनला दहा कमी असताना मी त्या खोलीत शिरले. लांब टेबलामागे तीन डॉक्टर होते. मधल्या बाई मंडळाच्या प्रमुख, डॉ. कर्णिक, साठीच्या पुढच्या, पांढऱ्या केसांचा अंबाडा. बोधनकर आधीच बसलेले होते. मला पाहून त्यांना जरा आश्चर्य वाटलं, पण ते लगेच सावरले. आमचे तागडे आले नव्हते. त्यांना तिकीट कोण देणार?

बोधनकर उभे राहून म्हणाले, कंपनीने स्वखर्चाने विमानाचं तिकीट देऊनही अर्जदार गैरहजर आहे, त्याची मुलगी मात्र त्याच तिकिटांवर मजेत मुंबईला आलेली दिसते, तरी अर्जदाराने तपासणीस सहकार्य केलं नाही अशी नोंद व्हावी.

डॉ. कर्णिक मला म्हणाल्या, “रुग्णच नाही तर आम्ही तपासायचं कोणाला?”

मी सांगितलं. पहाटे पाचपासूनचं सगळं सांगितलं, नशिनेच्या फोनसकट. बोधनकर मध्येच म्हणाले, ही ऐकीव गोष्ट आहे, फोनवर कोण होतं याला पुरावा काय. पुरावा नव्हता. डॉ. कर्णिकांनी तेवढं लिहून घेतलं नाही. ते कधीच कुठे लिहिलं गेलं नाही, आणि बोधनकरांना त्याचा जाब कधीच कोणी विचारला नाही. मी आज हे सांगते आहे, एवढंच.

मग मी ते पाकीट दिलं. माझ्या मनात होतं, की ती नुसती चिठ्ठी आहे, शाळेत मुलं आणतात तशी, न येण्याचं कारण सांगणारी.

डॉ. कर्णिकांनी कागद वाचला. उलटून मागची बाजू वाचली. शेजारच्या डॉक्टरांकडे सरकवला, आणि माझ्याकडून एक्स-रे घेऊन भिंतीवरच्या दिव्याच्या पेटीवर लावला. तिघंही उठून त्याच्यापुढे उभे राहिले. 

“वकीलसाहेब,” डॉ. कर्णिक परत बसत म्हणाल्या, “तुमच्या लेखी म्हणण्यात अर्जदार धडधाकट आहे असं लिहिलंय.”

“हो. कंपनीच्या डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.”

“मग या धडधाकट माणसाला आज सकाळी विमानात का बसू दिलं नाही?”

बोधनकर म्हणाले, ते विमान कंपनीचे नियम असतात, आपण काय सांगणार.

“नियम नाही. इथे तपासणी लिहिली आहे.” त्यांनी कागदावर बोट ठेवलं. “नाडी, श्वासाचा वेग, ऑक्सिजन तीनदा मोजलेला, दोन्ही फुप्फुसांत काय ऐकू आलं ते. चौदा वर्षं गारगोटीच्या धुळीत काम, हेही. आणि शेवटी, दगडाच्या धुळीमुळे फुप्फुसं कडक झालेली असावीत, असा संशय. तारीख आजची. वेळ नऊ वाजून दहा मिनिटं.” मग त्यांनी मला विचारलं, “ही डॉक्टर तुमच्या ओळखीची?”

मी म्हटलं, नाही, माझं तिच्याशी भांडण झालं. मी तिला वाट्टेल ते बोलले.

“तिला हा दावा माहीत होता?”

“मी रडून सांगितलं तेवढाच.”

बोधनकर म्हणाले, ती डॉक्टर या प्रकरणात पक्षकार नाही, तिच्या कागदाला काही किंमत नाही.

“पक्षकार नाही म्हणूनच किंमत आहे,” डॉ. कर्णिक म्हणाल्या. “यांना जिंकवायचं असतं, तर तिने यांना विमानात बसवलं असतं.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्या कागदाने बाबांना परत पाठवलं, तोच कागद बाबांच्या बाजूने बोलत होता. इतकी वर्षं जे आम्ही ओरडून सांगत होतो, ते एका अनोळखी बाईने, आमची बाजू न घेता, दहा मिनिटांत लिहून दिलं होतं.

बोधनकरांनी आणखी एकदा प्रयत्न केला. अर्जदाराला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय मंडळाला अहवाल देता येणार नाही, असं ते म्हणाले. डॉ. कर्णिक म्हणाल्या, बरोबर आहे, आम्ही तपासूनच देऊ. त्यांनी शेजारच्या दोघांशी हळू आवाजात काही ठरवलं आणि कारकुनाला सांगितलं, लिहा. मंडळ स्वतः अर्जदाराच्या गावाजवळील ग्रामीण रुग्णालयात जाऊन तपासणी करेल. इतर अठरा अर्जदारांनाही त्याच दिवशी बोलवावं.

“मॅडम, इतक्या लांब?” बोधनकर म्हणाले.

“लांब कुठे? तुमच्याच अर्जात आहे,” डॉ. कर्णिक म्हणाल्या, आणि पुढची फाइल मागितली.

पाच आठवड्यांनी मंडळ आलं. एकोणीसपैकी सतरा जण हयात होते. अंतारामची जीप दिवसभर त्यांना आणत आणि सोडत होती. सतराही जणांना तोच आजार निघाला, सिलिकोसिस, आणि अहवाल कोर्टात गेला. कंपनी वरच्या कोर्टात गेली, हरली, आणखी वर गेली. शेवटचा निकाल लागला तेव्हा बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती. कारखाना बंद झाला, पण दुसऱ्या तालुक्यात वेगळ्या नावाने निघाला, हेही खरं. मी शाळा सोडून नागपूरला अशाच कामगारांच्या दाव्यांचं काम धरलं, ते अजून करते. डॉ. काझीची माफी मागायला मी दोनदा विमानतळावर गेले. दुसऱ्यांदा कळलं, की ती ती नोकरी सोडून गेली. कुठे, ते कोणाला सांगता आलं नाही.

दावा जिंकला, असं लोक म्हणतात, तेव्हा मी हो म्हणते. पण माझा राग दाव्यासाठी नाही. तो कशासाठी आहे, ते मला मंडळ आलं त्या दिवशी कळलं.

डॉ. कर्णिकांनी बाबांना सगळ्यात शेवटी तपासलं. मग खुर्ची त्यांच्यासमोर ओढून सांगितलं, की सोविंदाजी, तुमच्या फुप्फुसात दगडाची धूळ बसली आहे. ती निघत नाही. औषधाने त्रास कमी होईल, आजार जाणार नाही. बाबांनी मान डोलावली. ते त्यांना ठाऊक होतं.

मग त्यांनी विचारलं, “म्हंजे टीबी नाही?”

“नाही. थुंकीही तपासली. टीबी कधी होता, असंही मला वाटत नाही.”

“मंग हे... कोणाले लागत नाही?”

“नाही. धुळीचा आजार आहे हा. कोणालाही लागत नाही.”

बाबांनी तिसऱ्यांदा विचारलं. “लहान लेकरालेबी नाही?”

कंपनीच्या डॉक्टरने टीबीचं कार्ड दिलं त्या संध्याकाळपासून बाबा घरात झोपले नव्हते. नऊ वर्षं ते बाहेरच्या सपरीत, म्हणजे ओसरीवर, तट्ट्याच्या आडोशाला राहिले. वेगळं ताट, वेगळा गडवा, आणि ते स्वतः धुऊन स्वतः पालथे घालायचे. आई जेवण उंबऱ्यावर ठेवायची आणि तिथेच बसून त्यांच्याशी बोलायची. तिचा हात त्यांनी नऊ वर्षांत धरला नाही. भावाचं लग्न त्यांनी मांडवाबाहेर उभं राहून पाहिलं. डॉ. नान्हे किती वेळा म्हणाले, की बहुधा हे लागणारं नाही. पण बाबा म्हणायचे, बहुधा नाही चालत, घरात लेकरं आहेत, पक्कं होऊ दे. कंपनीला हे माहीत होतं की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांच्या डॉक्टरला एक्स-रे वाचता येत होता, एवढं मला माहीत आहे.

त्या दिवशी घरी आल्यावर बाबा सपरीत गेले नाहीत. अंतारामच्या खांद्याला धरून ते उंबरा ओलांडून आत आले आणि मधल्या खोलीत, भिंतीला पाठ लावून बसले. आईने पाणी आणलं. आमच्याच गडव्यात आणलं. ते त्यांनी हातात धरून ठेवलं, बराच वेळ प्यायले नाहीत.

मग म्हणाले, “समीक्षाले आन.”

समीक्षा माझ्या भावाची मुलगी, तीन वर्षांची. ती आतल्या दाराच्या चौकटीला चिकटून उभी होती. वहिनीने तिला पुढे ढकललं, जा, आजोबा बोलवतात. बाबांनी दोन्ही हात पुढे केले.

ती हलली नाही. चालायला लागल्यापासून तिला एकच गोष्ट शिकवली होती, की आजोबांच्या जवळ जायचं नाही. तिने बाबांकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, आणि घाबरून रडायला लागली. वहिनी तिला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवायला गेली, तशी ती अंग ताठ करून किंचाळली.

“राहू दे,” बाबा म्हणाले. “नोको रडवू. तिची काई चूक नाही.”

त्यांचे हात तसेच पुढे होते. थोड्या वेळाने त्यांनी ते गुडघ्यांवर ठेवले, आणि श्वास घेऊ लागले.